ऑर्किडवरचा चिकटा

३ मार्च १९३५, रविवार. सकाळी साडेसात.

आजपासून रोजनिशी नियमित. गेल्या साली वही फेब्रुवारीतच थांबली, कारण कामाचा बोजा. यंदा सबब चालणार नाही.

संकल्प तीन. रागावर ताबा. जगन्नाथ मास्तरांच्या पत्राला चार दिवसांत उत्तर. ओसरीतल्या ऑर्किडवर चिकटा आला आहे, त्याचा कायमचा बंदोबस्त.

पत्राविषयी. जगन्नाथ अंबडच्या शाळेत मास्तर. मूळ आष्टीचा. वय चौतीस, बायको बाळंतपणात गेली. दोन वर्षं दर महिन्याला जालन्याला येतो, माझ्याकडून पुस्तकं नेतो, वेळेवर परत आणतो. त्यानं माझ्या बहिणीला, अरुंधतीला, मागणी घातली आहे. ती अठ्ठावीस वर्षांची. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून माझ्याकडे. तिचे केस मी काढू दिले नाहीत. गावानं सहा महिने माझ्याकडचं पाणी बंद केलं, पण मी हटलो नाही. ही हकीकत मी प्रत्येक लेक्चरात सांगतो.

मास्तर लिहितो, 'आपली पुनर्विवाहावरची व्याख्यानं ऐकून धीर केला. बाईंना विचारावं. त्यांची मर्जी असेल तरच.'

वाचून छाती भरून आली. वीस वर्षं घसा कोरडा केला, त्याचं फळ. उत्तर अर्थातच होकाराचं. फक्त ते चार ओळींचं नको. पुढे कुणी वाचलं तर त्यात विचार सापडावा.

ऑर्किडही त्यानंच दिलेलं. आष्टीच्या आंब्यावरून काढून, ढलपीला काथ्यानं बांधून दिवाळीत आणलं. अरुंधती रोज पाणी शिंपडते. आता त्याला नवा दांडा फुटतो आहे आणि दांड्याच्या बुडाशी, पानांच्या कडेला चिकट थेंब. बोट लावलं तर तार येते. मुंग्यांची रांग खांबापर्यंत.

५ मार्च.

मुंबईहून मागवलेलं बागकामाचं इंग्रजी पुस्तक काढलं. चिकट द्रव आला म्हणजे खवल्यासारखी कीड आहे, असं स्वच्छ लिहिलेलं. भिंग घेऊन पाऊण तास पाहिलं. एकही कीड दिसली नाही. म्हणजे कीड फारच बारीक आहे.

मास्तरनं पत्राच्या शेवटी दोन ओळी ऑर्किडवर खर्ची घातल्यात. दांडा फुटताना चिकट थेंब येतात, रोग नव्हे, ओल्या फडक्यानं हलके पुसावं. मास्तर सज्जन आहे, पण इंग्रजी वाचन बेताचं. पत्र त्याच पुस्तकात खूण म्हणून ठेवलं.

अरुंधतीनं एक थेंब बोटावर घेऊन चाटला. म्हणाली, गोड आहे. विषारीही असू शकतो, असं तिला दहा मिनिटं समजावलं. तिनं ऐकून घेतलं. ती नेहमीच नीट ऐकते. माझी सगळी लेक्चरं आधी तिनं ऐकलेली, शुद्ध प्रतही तिच्याच हातची. माझं अक्षर मलाच लागत नाही.

७ मार्च.

चौथा दिवस. पत्राचा ड्राफ्ट सुरू केला. वेदकाळापासून घेतलं. सहा पानं झाली, पेशवाई अजून लांब आहे. असं तोडमोड करून पाठवणं बरं नव्हे. उद्या.

मी कचेरीला निघताना अरुंधतीनं विचारलं, टपालात टाकायचं काही आहे का. नाही म्हटलं. तिला कामाची शिस्त आहे.

११ मार्च.

साबणाचं पाणी. सगळी पानं दोन्ही बाजूंनी पुसली. चतुराबाई भांडी घासता घासता बघत होती. ही बाई अठरा वर्षं आमच्याकडे आहे, त्यामुळे तिला वाटतं तिला मत असावं. म्हणाली, ज्वारीवरच्या चिकट्यात कीड डोळ्याला दिसती, ह्याच्यात कुठं हाय? मी भिंग दाखवलं. ती म्हणाली, काचंतून बी न्हाईच की.

अडाण्यांशी वाद घालायचा नाही, हा संकल्प वाढवला. एकूण चार.

दुपारी पुन्हा थेंब.

१५ मार्च.

ऑर्किड ज्या तारेला टांगलं आहे तिला तेलाचं फडकं गुंडाळलं. मुंग्या भिंतीवरून आल्या.

१९ मार्च.

महत्त्वाचा दिवस. माझ्या लेकीसाठी, सरोजिनीसाठी, औरंगाबादचं स्थळ आलं. मुलगी सतरा संपवील. तिची आई जाऊन पाच वर्षं झाली, आत्याच्या हाताखाली वाढली. सध्या परभणीला मामाकडे. मुलगा ग्रॅज्युएट. घराणं मात्र जुन्या वळणाचं, सोवळंओवळं कडक. त्यांच्या कानावर आत्ता घरातल्या पुनर्विवाहाची गोष्ट गेली तर बोलणी तिथेच थांबतील.

तेव्हा मास्तरांचं उत्तर थोडं मागे ठेवणं भाग आहे. यात तत्त्वाचा प्रश्न नाही. क्रमाचा प्रश्न आहे. आधी सरोजिनी, मग अरुंधती. आणि मग असा वाजतगाजत करीन की जुन्या जालन्यातल्या पेढ्या अर्धा दिवस बंद राहतील.

अरुंधतीला अजून काही बोललो नाही. अशा नाजूक गोष्टी एकदम विचारू नयेत.

२३ मार्च.

पुस्तकात तंबाखूचं पाणी सांगितलं आहे. घरात तंबाखू नाही. चतुराबाईच्या चंचीतली घेतली. तिनं अंगणभर ऐकवलं. म्हणाली, साहेब भाषनात व्यसन सोडा म्हनतेत आन् हितं झाडाला लावून राह्यले. रागावर ताबा ठेवला. बराचसा.

पानांवर पिवळे डाग. औषध लागू पडत असल्याची खूण.

३० मार्च.

आज अरुंधतीला विचारायचंच, असं ठरवून ओसरीत बोलावलं. ती आली, पदराला हात पुसून खांबाशी उभी राहिली. मी घसा साफ केला. ती वाट बघत होती. मला वाटलं, घाई होईल. ऑर्किड कसं आहे, असं विचारलं.

म्हणाली, दांड्यावर सात कळ्या आहेत. मोजल्या होत्या तिनं.

 मी पेपर उघडला.

७ एप्रिल, रविवार.

जगन्नाथ आला होता. पाडव्याची सुट्टी धरून येणार होता, मोटार मिळाली नाही म्हणून आज. पुस्तकं परत केली. मी त्याला माझ्या येत्या लेक्चराचा आराखडा सांगितला: 'विधवांचा पुनर्विवाह आणि सुशिक्षितांचं कर्तव्य'. सभेच्या इजाजतीची दरखास्त दोन महिने सरकारी कचेरीत पडून आहे, तिचाही इतिहास सांगितला. दीड तास कसा गेला कळलं नाही. अरुंधती चहा ठेवून गेली. त्यानं कप उचलला तो हातात तसाच धरून ठेवला.

मध्येच उठून त्यानं ऑर्किड पाहिलं. परवा मी थोडं रॉकेल चोपडलं होतं, त्याचा वास त्याला आला असावा. खिशातला रुमाल तांब्यातल्या पाण्यात भिजवून एकेक पान पुसलं. रॉकेल नका लावू म्हणाला, ह्याची पानंच श्वास घेतात. मी पुस्तकाचा आधार सांगितला. त्यानं वाद घातला नाही. तेवढा विनय आहे त्याच्यात.

जाताना पायरीवर थांबून म्हणाला, "केशवराव, न्हाई म्हणायचं असंल तर न्हाई म्हणा. पण सांगा. करीमनगरकडं बदली होऊन राह्यली माझी. इथं घर होणार असंल तर अर्ज करून थांबवता येईल. वैशाख लागेपर्यंत बघतो वाट."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो की सुधारणेच्या कामात धीर लागतो.

वैशाखाला जवळजवळ महिना आहे. भरपूर वेळ.

१० एप्रिल.

औषधं संपली. आता शस्त्र.

विचारान्ती लक्षात आलं की थेंब येतात ते दांड्यामुळे. दांडा नव्हता तेव्हा थेंब नव्हते. दांडाच छाटला की रोगाचं मूळ गेलं. अरुंधतीला अडकित्ता आणायला सांगितला. तिनं आणला, पण हातात दिला नाही. म्हणाली, "सात कळ्या आहेत, दादा. एक तर उद्यापरवा उमलेल. एवढं राहू द्या."

तिनं काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून नीट समजावलं. एका अवयवासाठी सबंध शरीर धोक्यात घालायचं नसतं, हे राष्ट्राला लागू तसंच झाडाला लागू. उदाहरणं तीन दिली. बोलून झाल्यावर तिनं अडकित्ता माझ्याजवळ ठेवला आणि आत गेली.

कापला. एका झटक्यात.

संध्याकाळपर्यंत थेंब नाही. मुंग्याही गेल्या. पाच आठवड्यांच्या लढ्याचा शेवट. विजय.

१३ एप्रिल.

कापलेला दांडा अरुंधतीनं स्वयंपाकघराच्या कोनाड्यात, पाण्याच्या तांब्यात ठेवला होता. आज त्यातली एक कळी उमलली. मातकट पिवळं फूल, त्यावर तपकिरी चौकडी, ओठ जांभळा. वास आहे. मंद, पण खोलीभर. ती कोनाड्यासमोर उभी होती. माझी चाहूल लागताच डाळ घ्यायला वळली.

म्हटलं, फूल देव्हाऱ्यात ठेव. तिनं ठेवलं. चतुराबाई दारातून म्हणाली की देवाला काय फुलं कमी हायती व्हय. मी लक्ष दिलं नाही.

बाकीच्या सहा कळ्या तांब्यातच सुकल्या.

१६ एप्रिल.

औरंगाबादचे लोक पंचवीस तारखेला सरोजिनीला पाहायला येणार. त्यामुळे जगन्नाथला काहीतरी कळवून ठेवणं आवश्यक झालं. नाहीतर तो नेमका त्याच सुमारास पायरीवर उभा राहायचा.

फार विचार करून मजकूर तयार केला. विषयाचं नाव कुठेही घातलं नाही. 'आपण सुचवलेल्या गोष्टीचा विचार तूर्त मुलतवी ठेवणं सर्वांच्या हिताचं ठरेल. आपण आपले बेत त्याप्रमाणे करावेत.' मोघम लिहिलं की कुणाला काही कळत नाही. म्हणून नेहमीप्रमाणे अरुंधतीलाच शुद्ध प्रत लिहायला बसवलं. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. 'मुलतवी'पाशी टाक थांबला. मी शब्द पुन्हा सांगितला. तिनं लिहिला.

शेवटी तिनं विचारलं, खाली सही तुमचीच ना, दादा? म्हटलं, अर्थात. सही केली.

टाकाचं टोक खराब झालं असावं. अक्षर जरा हललं आहे. नवं टोक आणायचं.

पाकीट तिनंच टपालात टाकलं.

२१ एप्रिल, रविवार.

इजाजत मिळाली. लेक्चर झालं. वाचनालयाच्या माडीवर तीसेक मंडळी. सव्वादोन तास बोललो. 'ज्या घरात विधवेचं हसू ऐकू येत नाही त्या घराच्या भिंती मोजा, तो तुरुंग आहे,' या वाक्याला टाळी. हे वाक्य शुद्ध प्रतीत अरुंधतीनं दोनदा लिहिलं होतं, एकदा खोडलेलं. असं तिच्याकडून कधी होत नाही.

शेवटी भुजंग कापडवाले उठले. म्हणाले, वकीलसाहेब, तुमचं बराबर हाय, पर सुरुवात तुमच्याकडनं कधी? मी केसांची हकीकत सांगितली. ते म्हणाले, त्याला नऊ वर्षं झाली. मी आणखी अर्धा तास बोललो. लोक उठत होते, पण ते मोटारीच्या वेळेमुळे.

२५ एप्रिल.

पाहणी झाली. सरोजिनी छान वागली. अरुंधतीनं पन्नास माणसांचं केलं आणि पाहुणे असेपर्यंत आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. मी सांगितलं नव्हतं. तिला समजतं.

१ मे.

औरंगाबादहून नकार. पत्रिका जुळत नाही म्हणे. मध्यस्थानं मात्र खासगीत सांगितलं की माझ्या लेक्चरची बातमी आधीच पोचली होती.

अर्धा तास वाईट वाटलं. मग उमगलं की आता मार्ग मोकळा! मास्तरांना होकार कळवायला कसलीही अडचण उरली नाही. उद्या सकाळी पहिलं काम तेच.

२ मे.

कोर्टात तारीख.

३ मे.

ड्राफ्ट पुन्हा वाचला. वेदकाळ फारच लांबला आहे. कमी करायचा.

ऑर्किडची खालची चार पानं गळाली. अरुंधतीनं ते ढलपीवरून सोडवून परसातल्या आंब्याच्या बेचक्यात बांधलं. मला न विचारता. ओसरीत आता नुसती तार लोंबते आहे.

७ मे, मंगळवार.

जगन्नाथचं पत्र. वैशाख लागून चार दिवस झाले. मोजून सात ओळी. उतरवून ठेवतो:

'आपलं पत्र पोचलं. बाईंचं अक्षर ओळखलं. मी त्यांची मर्जी विचारली होती, त्यांनी स्वतःच्या हातानं उत्तर दिलं, त्यामुळे मनात शंका उरली नाही. त्यांना माझ्यामुळे तसदी झाली याची क्षमा मागतो. बदलीचा हुकूम घेतला आहे. दोन पुस्तकं माझ्याकडे राहिलीत, ती टपालानं पाठवीन. ऑर्किडला पाणी सकाळीच द्यावं.'

दोनदा वाचलं. माझ्याच मजकुराचा हा अर्थ कसा काय काढला? सही माझी स्वच्छ होती. सुशिक्षित माणसानं सही बघावी, अक्षर काय बघायचं?

पत्र तसंच बागकामाच्या पुस्तकात ठेवायला गेलो. जुनं पत्र तिथे होतं. घड्या फार वेळा उलगडून मिटल्यासारख्या झाल्या होत्या, कडा मऊ पडलेल्या. मी ते मार्चनंतर उघडलेलं नाही.

त्याच पानाला एक तपकिरी पाकळी चिकटली होती. देव्हाऱ्यातलं फूल निर्माल्यात गेलं असं मी समजत होतो.

कचेरीत गेलो नाही.

९ मे. सकाळी सहा.

अंबडला निघालो. समोरासमोर बोललं की सगळं होईल. बोलणं हे माझं क्षेत्र. मोटारीत पॉइंट काढले. अकरा झाले.

त्याच दिवशी, रात्री.

खोलीला कुलूप. शेजारच्या नंदाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मास्तर तर मंगळवारीच गेले की हो, पेट्या घेऊन. जाताना कुंडीतली तुळस मला दिऊन गेले. मग विचारू लागल्या, तुम्ही कोन? जालन्याचे भाऊ का?

मी हो म्हटलं. त्यांनी पाणी दिलं. माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, लई वाट बघितली हो त्यांनी. रोज टपालवाल्याला इचारायचे.

करीमनगरचा पत्ता त्यांना ठाऊक नव्हता. शाळेला सुट्टी. परत येताना मोटार दोनदा बंद पडली.

अकरा पॉइंट खिशातच राहिले.

१२ मे, रविवार. दुपारी.

सगळं संपलेलं नाही. शाळाखात्याला विचारून पत्ता मिळवता येईल. पण आधी घरात स्पष्ट व्हायला हवं. जे मी मार्चमध्ये करायला हवं होतं ते आज केलं.

अरुंधती माजघरात गहू निवडत होती. मी समोर उभा राहिलो. म्हणालो, "अरुंधती, माझी संमती आहे."

तिनं वर पाहिलं. "कशाची, दादा?"

मी सांगितलं. मास्तरचं पत्र, माझी अडचण, औरंगाबादकर, त्या दिवशीचा मजकूर, सही, अक्षर, अंबडचं कुलूप. चूक कबूल केली. मग समाजावर आलो. रूढीवर आलो. माझ्या भित्रेपणावरसुद्धा बोललो, आणि मला वाटतं इतकं खरं मी माडीवर कधी बोललो नाही.  पाऊण तास झाला असेल. तिचे हात सगळा वेळ सुपावर होते, पण गहू हलला नाही.

मी थांबलो. 

अरुंधतीनं सूप बाजूला ठेवलं. उठली, हात धुतले, फळीवरून दौत आणि कोरे कागद काढले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे उतरवून ठेवायचं का, दादा?"

मी हो म्हणालो.